रुतलेली जीप आणि दोराचा हिशेब

परतीचा पाऊस लांबला आणि उसाचा हंगाम वेळेवर सुरू झाला, की माजलगाव-गेवराईकडच्या काळ्या रानात एक दृश्य हमखास दिसते. ऊस भरून निघालेला ट्रॅक्टर बांधापाशी येऊन बसतो. मागची चाके जागच्या जागी फिरत स्वतःचाच खड्डा खोल करीत राहतात. मग दुसरा ट्रॅक्टर बोलावून साखळी लावली जाते, तिला झटका दिला जातो आणि एक तर गाडी निघते, नाही तर साखळी तुटते. त्या क्षणी साखळीच्या आसपास कोण उभे आहे, याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो.

हाच प्रसंग मुद्दाम ओढवून घेऊन त्यातून नेमकेपणाने बाहेर पडण्याचा एक खेळ आहे. त्याला विंच चॅलेंज म्हणतात. विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूस बसविलेले, विजेच्या मोटारीवर दोर गुंडाळणारे यंत्र. विहिरीचे खोदकाम चालू असताना काठावर उभी केलेली यारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. यारी दगडमातीने भरलेला डबा वर ओढते. येथे दोराचे दुसरे टोक झाडाला बांधलेले असते आणि यंत्र गाडीसकट स्वतःलाच झाडाकडे ओढून नेते. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही या प्रकारातील नामांकित स्पर्धा. तिची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात, ऐन पावसाळ्यात भरली आणि महाराष्ट्रातील हौशी चालकांना हा खेळ हाकेच्या अंतरावर आला. चालक आणि सहचालक अशी दोघांची जोडी, आखून दिलेला मार्ग आणि ठरावीक वेळ, असे त्याचे स्वरूप असते. दोर खांद्यावर घेऊन चिखलातून धावणारा सहचालकच बहुतेक वेळा निकाल ठरवितो, चालक नव्हे.

अशा स्पर्धेसाठी गाडी तयार करावयाची तर बीडसारख्या जिल्ह्यात कच्च्या मालाची वाण नाही. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून त्या घराण्यातील गाड्या मराठवाड्याच्या रस्त्यांवर वावरत आल्या आहेत. प्यूजोच्या आराखड्याचे डिझेल इंजिन असलेली एमएम-५४० हे त्यांतले परिचित नाव. २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये तिचा नवा अवतार. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीचे उत्पादन आता थांबले असले, तरी हलक्या वजनामुळे ती अजूनही शोधून विकत घेतली जाते. जुन्या जीपला या खेळात मान मिळतो तो आठवणींपोटी नाही. तिची चासी स्वतंत्र असते, दोन्ही ॲक्सल अखंड असतात, खाली कमानपाटे असतात आणि यांपैकी काहीही मोडले तरी तालुक्याच्या गावचा मिस्त्री ते दुपारपर्यंत पुन्हा उभे करू शकतो. संगणकावर चालणारे इंजिन चिखलात रुसले, तर त्याची समजूत घालायला जिल्ह्याच्या ठिकाणीही माणूस मिळेलच असे नाही.

बहुतेकांची सुरुवात मात्र चुकीच्या टोकाकडून होते. आधी मोठे टायर, मग दिव्यांची रांग, मग रंग आणि उरलेल्या पैशांत विंच. वास्तविक पहिला खर्च चासीवर व्हायला हवा. जुन्या जीपच्या चासीला पुढच्या टोकाकडे गंज धरलेला असतो, जुन्या वेल्डिंगच्या खुणा असतात. विंचचा सगळा ताण येथेच येतो. विंच नुसत्या बंपरवर बसवून भागत नाही. जाड पोलादी पाटा चासीच्या दोन्ही पट्ट्यांना उच्च प्रतीच्या बोल्टांनी जखडून त्यावर ती बसवावी लागते. मागे-पुढे ओढण्यासाठी स्वतंत्र, भक्कम हूक लागतात. गाडी उलटण्याची शक्यता गृहीत धरून पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि चांगले पट्टे लागतात. विंच आणि बंपर मिळून पुढे बरेच वजन वाढते, त्यामुळे कमानीत एखादा पाटा वाढवावा लागतो. मोठे टायर घातले, की डिफरन्शियलचे दातेही बदलावे लागतात, नाही तर इंजिन दमते आणि ॲक्सलचे शाफ्ट तुटतात. इंजिनाची हवा छतापर्यंत उंच नळीने घ्यावी लागते. सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ॲक्सल व गिअरबॉक्सच्या श्वासनळ्याही तशाच वर आणाव्यात. हे काम अगदी किरकोळ खर्चाचे असल्यामुळेच बहुधा राहून जाते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकुंचन पावते आणि खालच्या तोंडाने पाणी आत ओढले जाते.

आता प्रत्यक्ष ओढीचा हिशेब. विंचच्या खोक्यावर साधारण ४,३०० किलो असा आकडा छापलेला असतो आणि जीपचे वजन माणसे व सामान धरून १,८०० किलो. हे पाहून कोणालाही वाटावे, की दुपटीहून अधिक ताकद हाताशी आहे. चिखल मात्र वजनकाट्यावर चालत नाही. सैन्यदलात रुतलेली वाहने काढण्यासाठी वापरला जाणारा ठोकताळा असा, की चाके बुडेपर्यंत रुतलेल्या वाहनाला ओढण्यास त्याच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतल्यास दुप्पट आणि त्याहून खोल गेल्यास तिप्पट. चढ असेल तर तो वेगळा. म्हणजे मडगार्डपर्यंत बसलेल्या आपल्या जीपला ३,६०० किलोंची ओढ हवी.

दुसरी गोम विंचमध्येच असते. छापलेला आकडा खरा असतो तो ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना. थर वाढतील तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ घटत जाते. भरलेल्या ड्रमच्या बाहेरच्या थरावर ती साधारण साठ टक्क्यांवर येते. झाड सहा मीटरवर असेल, तर ३० मीटरच्या दोरातला बहुतेक दोर ड्रमवरच राहतो आणि हातात उरतात सुमारे २,६०० किलो. जीप हलत नाही, मोटार तापते, आणि दोष विंचच्या कंपनीला दिला जातो.

येथे कप्पी कामाला येते. विहिरीवरच्या मोटेलाही चाक असे, परंतु त्या चाकाने बैलांचे श्रम निम्मे होत नसत. धावेवरून खाली उतरणाऱ्या बैलांची ओढ वर वळविणे एवढेच त्याचे काम, कारण मोटेला वर ओढणारा नाडा एकच होता. विंचचा दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्याच हुकाला अडकविला, तर गाडीला ओढणारे दोर दोन होतात. वेग निम्मा होतो, ओढ जवळजवळ दुप्पट होते. शिवाय दुप्पट दोर बाहेर पडल्याने ड्रमवरचे थर कमी होतात, तो फायदा निराळा. मघाशी न हललेली जीप त्याच झाडावरून पाच टनांच्या पुढे ओढ मिळवू शकते. मात्र हा सगळा भार झाडावर आणि कप्पी बांधणाऱ्या पट्ट्यावर येतो. पट्टा रुंद हवा, बुंध्याशी अगदी खाली बांधलेला हवा. दोर सरळ झाडाला गुंडाळला तर साल सोलून निघते आणि झाड वाळते.

गोव्यात झाडांची ददात नाही. बालाघाटच्या माळावर, पाटोदा-आष्टीकडे गेले, की ओढ देण्याजोगे झाड शोधावे लागते. बांधावरची बाभूळ पाच टनांची ओढ सोशीलच असे नाही, आणि ती कोणाच्या तरी मालकीचीही असते. अशा वेळी गाडीचे स्टेपनी चाक उपयोगी पडते. ओढीच्या दिशेला आडवा चर खणून त्यात चाक उभे पुरायचे, त्याच्या मधल्या भोकातून पट्टा ओवून पट्ट्यासाठी तिरका खाचा काढायचा आणि माती दाबून भरायची. अर्ध्या तासाचे घामट काम आहे, परंतु सरावाला ते फार चांगले. काळी माती भिजली की फुगते आणि चाकाला चोखून धरते, म्हणून ओढ लावण्यापूर्वी चाकांच्या पुढची आणि बाजूची माती फावड्याने मोकळी केली, तर लागणारा जोर बराच उतरतो. फावडे हे या खेळातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे.

विजेची बाजूही अशीच फसवी. पूर्ण भाराखाली असे विंच ४०० ॲम्पियरच्या पुढे प्रवाह खेचते. जुन्या जीपचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. तफावत बॅटरी भरून काढते आणि काही मिनिटांत बसते. म्हणून दुसरी बॅटरी, वेल्डिंगला वापरतात तशी जाड केबल, थेट बॅटरीपर्यंत नेलेली अर्थिंग आणि हाताच्या अंतरावर मुख्य बटण या चार गोष्टी अनिवार्य समजाव्यात. सामान्य विंचची मोटार सतत चालण्यासाठी बनविलेली नसते. थोडे ओढून थांबावे, इंजिनाचा वेग वाढवून बॅटरीला उसंत द्यावी.

आता सर्वांत गंभीर भाग. पोलादी दोर ताणाखाली तुटला, तर त्यात साठलेली सगळी शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि दोराचे टोक चाबकासारखे परतते. त्याच्या वाटेत आलेले माणूस वाचणे कठीण. स्पर्धांत अलीकडे कृत्रिम धाग्याचा दोर वापरला जातो. तो वजनाला हलका असतो, त्यात शक्ती कमी साठते. परंतु उन्हाने, उष्णतेने आणि दगडाच्या धारेवर घासण्याने तो झिजतो. असा दोर घातला तर पुढची रोलरची चौकट काढून ॲल्युमिनियमची गुळगुळीत मुखपट्टी लावावी, कारण पोलादी दोराने ओरखडलेले रोलर धागे कापतात. दोर कोणताही असो, त्यावर मध्यभागी जड कापड किंवा ओले गोणपाट टाकावे, ताणलेला दोर कधीही ओलांडू नये, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात बघ्यांना येऊ देऊ नये. हूक बोटांनी धरून ड्रमपर्यंत नेऊ नये. त्याला हातभर पट्टी बांधून तिला धरावे. आपल्याकडे रुतलेली गाडी निघते आहे म्हटले, की अर्धे गाव दोराच्या दोन्ही अंगांना उभे राहते. सरावाच्या दिवशी एक माणूस केवळ गर्दी मागे सारण्यासाठी नेमावा लागतो.

सराव करायचा कोठे, हाही प्रश्न आहेच. पावसाळ्यात काळ्या रानात सोयाबीन-कापूस उभा असतो. नायगावच्या मयूर अभयारण्यासारख्या वनक्षेत्रात गाडी घालणे हा गुन्हा आहे. उरते ती स्वतःची पडीक जमीन किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची, त्याला विचारून. ओढ्याच्या पात्रात उतरताना खाली गावाची पाणीपुरवठ्याची विहीर नाही ना, एवढे तरी पाहावे. सांडलेले डिझेल तिथवर जाते.

कायद्याच्या दृष्टीने अशी गाडी रस्त्यावर आणणे जोखमीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढे लावलेल्या पोलादी गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितले होते. म्हणून जाणकार मंडळी स्पर्धेची जीप ट्रकवर चढवून नेतात. घरून निघून स्पर्धेत उतरायचे आणि त्याच गाडीने परत यायचे, हा विचार एरवीही व्यवहार्य नाही. परतताना ब्रेक शाबूत असतीलच, याची खात्री कोण देणार?

कारण चिखल गाडीत राहतो. काळी माती ओली असताना लोण्यासारखी असते आणि वाळली, की विटेसारखी. ड्रम ब्रेकच्या आत, रेडिएटरच्या जाळीत, अल्टरनेटरच्या ब्रशांपाशी ती वाळू दिली, तर पुढच्या खेपेस तीच कानसेचे काम करते. म्हणून धुणे त्याच दिवशी. पाणी कमी असेल त्या साली चासीचा खालचा भाग, ब्रेक आणि रेडिएटर एवढेच धुवावे आणि बॉडी तशीच ठेवावी. चमक गुण मिळवून देत नाही. रेडिएटरला पाण्याचा झोत नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेर द्यावा, उलट दिल्यास माती आणखी आत ठोसली जाते. चाकांचे ड्रम उघडून पुसावेत, बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरावे, आणि ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस यांचे नट सैल करून थोडे ऑइल बाटलीत घ्यावे. ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरलेले आहे. सगळे ऑइल बदलण्यास दुसरा दिवस उजाडू देऊ नये. चासीवरचे बोल्ट एकेक पाना लावून पाहावेत आणि जुन्या वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ शोधावी. विंच काही स्पर्धांनंतर पूर्ण उघडावी लागते. तिच्या गिअरमधले ग्रीस काळपट, खरखरीत लागले, तर आत पाणी आणि रेती पोहोचली, असे समजावे.

सर्वांत शेवटी दोर. तो अंगणात पूर्ण उलगडायचा, बादलीत साध्या पाण्याने चोळून रेती काढायची आणि सावलीत वाळवायचा. नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांमधून सावकाश फिरवायचा. कोठे धागे विस्कटलेले, कोठे उष्णतेने कडक झालेले हाताला लागतात. तेवढा भाग कापून टोकाला नवा फासा विणायचा. मग गाडी सौम्य चढावर उभी करून, ब्रेकवर थोडा भार ठेवून दोर थरावर थर घट्ट गुंडाळून घ्यायचा. सैल गुंडाळला तर वरचा थर खालच्यात रुततो आणि ऐन वेळी सुटत नाही. दोर दरवेळी दोन-तीन हात आखूड होतो. पंचवीस मीटरच्या खाली गेला, की नवा घेण्याची वेळ होते.