धुळीनेच अडते धूळ

चहा गाळताना पूड गाळणीत राहते आणि चहा कपात उतरतो. जाळीच्या भोकापेक्षा पूड मोठी, एवढेच त्याचे कारण. गाळणी चोंदली की आपण ती आपटतो, धुतो आणि पुन्हा वापरतो. हवेची गाळणीही अशीच एक बारीक चाळणी असणार, असे मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. माझी ही चूक जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पोलाद कारखान्याच्या भेटीत सुधारली.

भट्टीतून काय निघते?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार लोखंड वितळवून सळया करणारे अनेक कारखाने आहेत. तेथील इंडक्शन भट्टीत ज्वाला नसते. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो, त्यामुळे भंगारातच भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते तापून वितळते. रसाचे तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पण भंगार काही शुद्ध लोखंड नसते. त्यात गंज असतो, रंग असतो, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात. जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याची वाफ हवेला भेटली की झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. या धुराचे पुष्कळसे कण एक मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. एवढे सूक्ष्म कण नाकात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

म्हणून भट्टीवर धुराडे-टोपी बसवतात. मोठा पंखा तिच्यातून धूर ओढून घेतो आणि लांब नळातून तो ‘बॅग फिल्टर’मध्ये नेतो. एका उंच लोखंडी पेटीत तारेच्या पिंजऱ्यांवर चढवलेल्या नमद्यासारख्या कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. हवा बाहेरून आत शिरते आणि धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर राहते.

थोडे गणित करू. पिशवी १५ सेंटीमीटर व्यासाची आणि ३ मीटर लांब असेल, तर तिचे कापड सुमारे १.४ चौरस मीटर भरते. अशा २०० पिशव्यांचे झाले २८० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या दोन मैदानांहून जास्त! एवढ्या कापडातून हवा मिनिटाला फक्त एक मीटर या संथ वेगाने जाते.

“सर, हे चांगले लक्षण नाही”

पेटीबाहेर एक दाबमापक होता. पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवतो. काटा ४० वर होता. मी विद्यार्थ्यांना म्हणालो, “पाहा, अडथळा कमी आहे. म्हणजे पिशव्या अगदी स्वच्छ आहेत.” शेजारी उभे असलेले वयस्क फिटर हसले. “सर, हे चांगले लक्षण नाही. काल काटा १२० वर होता. आज एकदम उतरला म्हणजे ठिणगीने पाच-सहा पिशव्या जळाल्या, नाहीतर पंख्याचा पट्टा घसरतोय.” पेटी उघडल्यावर त्यांचा पहिला अंदाज खरा ठरला. पॉलिएस्टरच्या पिशव्या सुमारे १३० अंशांपर्यंतच टिकतात. त्यांना एक ठिणगी पुरते.

मी विचारले, “पण नवी पिशवी घातल्यावरही काटा खालीच राहणार ना?” ते म्हणाले, “राहतो. आणि नवी पिशवी पहिल्यांदा धूळ सोडते. थर बसला की मग धरते.”

थर कसा धरतो?

परत येताना मी याचाच विचार करीत होतो. कापडाची छिद्रे धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. चाळणीचा नियम येथे चालत नाही. मोठे कण जडत्वामुळे वळणावर वळू शकत नाहीत आणि धाग्यावर आदळतात. मध्यम कण धाग्याला घासून जाताना चिकटतात. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू धक्के देत राहतात. ही ब्राउनीय गती. तिचे गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. अशा वेड्यावाकड्या चालीत ते धाग्याला भेटतातच. सर्वांत निसटते कण असतात ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, कारण ते जडत्वाला लहान आणि ब्राउनीय गतीला मोठे पडतात. त्यांना अडवण्याचे काम बव्हंशी आधी बसलेल्या धुळीचा थर करतो.

मात्र थर वाढत गेला की अडथळाही वाढतो. १०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाविरुद्ध मिनिटाला २८० घनमीटर हवा ढकलायला साधारण साडेचार किलोवॉट शक्ती लागते. २०० मिलिमीटरला त्याच्या दुप्पट. पंख्याला ते झेपले नाही तर ओढ मंदावते. मग चिमणी स्वच्छ दिसते, पण धूर टोपीखालून निसटून कामगारांच्या तोंडावर येतो! म्हणून ठरावीक वेळाने दाबलेल्या हवेचा झटका देऊन पिशव्या झाडतात. त्याही अशा बेताने की जादा थर पडावा, पण धाग्यांत मुरलेला राहावा.

रुपयाएवढे भोक

एका पिशवीला रुपयाच्या नाण्याएवढे, दोन सेंटीमीटर व्यासाचे भोक पडले, तर काय बिघडले? दाब १०० मिलिमीटर असताना हवा त्यातून सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने सुटते. मिनिटाला साडेचारशेहून अधिक लिटर हवा न गाळता बाहेर पडते. एकूण हवेच्या मानाने हे हजारात दीड भागच. पण गाळणी हजारात एकच भाग धूळ सोडत असेल, तर या भोकाने बाहेर जाणारी धूळ अडीच पटींहून जास्त होते. दाबमापकावर मात्र काहीच दिसत नाही! म्हणून पंखा बंद करून, पेटीची स्वच्छ बाजू उघडून, कोणत्या पिशवीच्या तोंडाशी धुळीचा माग आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते. काही ठिकाणी चमकणारी पूड सोडून अतिनील दिव्याखाली गळती शोधतात. हे काम नीट मुखपट्टी लावूनच करायचे. आणि जमलेली धूळ उघड्यावर टाकली, तर वारा सारी मेहनत उलटवतो.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत जालन्याचेही नाव आहे. शहराच्या धुळीत रस्ते, वाहने, बांधकामे यांचाही वाटा असतो. पण भट्टीची धूळ अडवण्याची जागा निश्चित आहे. ती म्हणजे ही पेटी.

थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रालाही ‘फर्नेस’ म्हणतात. कॅनडातील मराठी घरांतही तिची पुठ्ठ्याच्या चौकटीतली गाळणी काही महिन्यांनी बदलावी लागते. आपल्याकडच्या एसीची जाळी धुता येते. यंत्रे निरनिराळी, पण चोंदलेली गाळणी पंख्याला दमवते आणि फाटलेली गाळणी आपल्याला फसवते, हा नियम सगळीकडे एकच.

करून पाहा : एका भांड्याच्या तोंडाला दुहेरी सुती कापड बांधा. त्यावर सारख्याच गढूळ पाण्याचे पाच पेले एकामागून एक ओता आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मोजा. प्रत्येक पेल्याचे पाणी वेगळ्या बाटलीत भरून ठेवा. पहिला पेला लवकर उतरेल, पण गढूळ. पुढचे हळूहळू, पण निवळत जाणारे. आता कापडाला टाचणीने एक भोक पाडा आणि सहावा पेला ओता. सहावी बाटली पहिलीशेजारी ठेवा, म्हणजे फिटरकाकांचे म्हणणे पटेल.