बीजमाता राहीबाई

मुलांनो, सत्कार म्हटला की शाल, नारळ आणि टाळ्या आपल्याला आठवतात. पण सत्कार कशाबद्दल करतात? मी गुरुजींना विचारले. त्यांनी राहीबाई पोपेरे यांची माहिती सांगितली.

राहीबाई अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. तरी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्यांनी काय केले? तर गावठी बी राखले. दुकानातले संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्याचेच धान्य परत पेरले तर पीक सारखे येत नाही. गावठी बी मात्र घरच्या घरी धरता येते. पण सगळेच विकतचे आणू लागले, की गावठी बी नाहीसे होते. म्हणून राहीबाईंनी वाल, भात, भाजीपाला यांचे बी जमवून बियांची बँक केली. बी राख लावून मडक्यात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत द्यायचे. त्यामुळे बँक रिकामी होत नाही.

माझी आजीपण घेवड्याचे बी गाडग्यात ठेवते. तिला मी म्हणालो, तुझापण सत्कार करायला पाहिजे. ती म्हणाली, "मला शाल कशाला रं? माझं बी तेवढं पेरत जा."

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना असे पुष्कळ येते. ते त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणून आपण आत्ताच विचारून घेऊ या. पालकांनी घरचे थोडे बी शाळेत द्यावे. आम्ही ते परसबागेत लावू.

– इयत्ता ४ थी