निम्मे त्यांचे, निम्मे आपले

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात काम करतात. त्यांची पगाराची चिठ्ठी वाचून दाखवण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. एरवी त्या चिठ्ठीत ठरलेल्या कपाती असतात. जून आणि डिसेंबरात मात्र 'एल. डब्ल्यू. एफ.' नावाची एक छोटी रक्कम वाढते. पूर्वी ती १२ रुपये असे, २०२४ पासून २५ रुपये झाली. "हे कशाचे?" असे मी एकदा विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "कामगार कल्याणाचे. मी पंचवीस दिले, की मालकाला पंचाहत्तर भरावे लागतात."

कामगाराच्या तिप्पट मालकाने भरायचे, हा १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून आलेला हिशेब आहे. याच निधीतून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे व ललित कला भवने चालतात आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. म्हणजे आमच्या घरातले पंचवीस रुपये एकटे जात नाहीत. ते दुसऱ्याचे पंचाहत्तर सोबत घेऊन जातात. ही गोष्ट तेव्हा मला गमतीची वाटली होती. तिचे महत्त्व कळले ते गेल्या पावसाळ्यात.

युवा महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम आम्ही शहरातील एका जुन्या सभागृहात करीत होतो. सभागृहाचे नाव येथे घेत नाही. दुसऱ्या प्रवेशात मी पत्र वाचत उभी असते, त्याच जागी छतातून पाणी टपकू लागले. दिग्दर्शकाने मला दोन पावले डावीकडे सरकवले. तिसऱ्या दिवशी तिथेही गळू लागले. शेवटी प्रकाशयोजना सांभाळणारा आमचा मित्र म्हणाला, "पाण्याची हरकत नाही, पण ही वायर ओली होते आहे." तालीम थांबली. आम्ही चौघे संबंधित कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थांनी आमचे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य सांगितले : "वरून निधी मिळू शकतो हो, पण आपला हिस्सा भरायला नको का?"

हा 'आपला हिस्सा' म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी जी काही वाचावाची व विचारपूस केली, ती वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सार्वजनिक कामांचा पैसा पुष्कळदा एका खिशातून येत नाही. केंद्र किंवा राज्य शासन काही भाग देते आणि उरलेला स्थानिक संस्थेने उभा करावा अशी अट घालते. आपल्या सोलापूरचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. त्या योजनेत प्रत्येक शहराला केंद्राचे ५०० कोटी रुपये होते. पण तेवढीच रक्कम राज्य व महापालिका यांनी मिळून घालायची होती. महाराष्ट्रात त्याची वाटणी २५० कोटी राज्याचे व २५० कोटी महापालिकेचे अशी झाली. ही योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली, तरी ती पद्धत राहिलीच आहे. खेड्यांतील पाणीयोजनांसाठी २००२ साली स्वजलधारा आली, तेव्हा गावकऱ्यांनी दहा टक्के लोकवाटा भरायचा होता. अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेली कलांची राष्ट्रीय संस्थाही कलासंस्थांना अनुदान देताना सर्वसाधारणपणे म्हणते, आम्ही एक डॉलर देतो, एक तुम्ही आणा.

या अटीमागे विचार आहे. एक तर थोडा पैसा अधिक ठिकाणी पुरतो. दुसरे असे, की ज्याने स्वतःच्या गाठीचे घातले तो ती वास्तू जपतो. आयती मिळालेली वस्तू आणि पदरमोड करून घेतलेली वस्तू यांतला फरक आपल्याला घरातही दिसतो. पण या अटीची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्याच्यापर्यंत वरचे अनुदानही पोचत नाही. म्हणजे सर्वांत गळके छप्पर ज्याचे, तोच बहुधा रांगेत मागे राहतो.

मग महापालिकेची गाठ अशी रिकामी का? आपली नगरपालिका १८५२ सालची. १९६४ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पूर्वी जकात हे अशा शहरांचे हक्काचे व रोजचे उत्पन्न असे. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. आता भरपाईचे अनुदान राज्याकडून येते आणि स्वतःच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी व परवाना शुल्क उरते. शिवाय कायद्याने महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची केली आहेत : बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटारे, दिवाबत्ती ही बंधनकारक. नाट्यगृह हे असले तर उत्तम, अशा ऐच्छिक पंगतीत बसते. ओढग्रस्तीत कात्री प्रथम कोठे लागते, हे सांगायला नको.

आता थोडे गणित. समजा, एका सभागृहाच्या दुरुस्तीचा अंदाज दोन कोटी रुपये आहे. एक कोटी राज्याचे, एक कोटी महापालिकेचे. महापालिकेने हिस्सा भरायला एक वर्ष लावले आणि तेवढ्यात सिमेंट, लोखंड, मजुरी धरून खर्च दहा टक्क्यांनी वाढला. अंदाज झाला दोन कोटी वीस लाख. मंजूर झालेले अनुदान मात्र एक कोटीच राहते. वाढलेले वीस लाख सगळे महापालिकेच्या माथी येतात. म्हणजे कामाचा खर्च वाढला दहा टक्के, पण आपला हिस्सा वाढला वीस टक्के! आधीच जो हिस्सा भरवत नव्हता, तो आणखी जड झाला. त्यामुळे पुन्हा विलंब, पुन्हा वाढ. वरवर पाहता 'पैसे नाहीत' एवढेच कारण दिसते. आत हे चाक फिरत असते.

हेच गणित उलटेही फिरते. एक कोटीपैकी ऐंशी लाखांची तरतूद झाली आहे आणि वीस लाखांसाठी काम अडले आहे, अशा वेळी नागरिकांनी उभे केलेले वीस लाख दोन कोटींचे कुलूप उघडतात. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. नागरिक वीस लाख देत आहेत म्हणून महापालिकेने आपले वीस लाख काढून घेतले, तर छपराला एक पत्राही जास्त मिळत नाही. म्हणून लोकवर्गणी द्यायची ती 'हिस्सा आधी ठरावाने बांधून घ्या, मग आमचे घ्या' या अटीवर द्यावी.

ठराव हा शब्द महत्त्वाचा आहे. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकातील तरतूद, निविदा, कार्यादेश अशा पायऱ्या चढल्यावाचून कोणतीही वीट हलत नाही. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात प्रभागातल्या माणसाला जाऊन विचारावे असा नगरसेवकच नव्हता. आता आहे, तेव्हा विचारले पाहिजे.

हा सगळा हिशेब मी घरी सांगितला, तेव्हा आई म्हणाली, "नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्हाला नाटकाचं छप्पर हवं?" या प्रश्नाला मी हसून उत्तर देऊ शकले नाही. आमच्या गल्लीत घागरींची रांग मी रोज पाहते. पाणी आधी, हे मलाही मान्य आहे. पण दुरुस्ती टाळल्याने पैसे वाचत नाहीत, ते फक्त पुढे ढकलले जातात आणि मोठे होऊन परत येतात, हेही तितकेच खरे आहे.

कोल्हापूरचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभारले; पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. मदत मिळाली हे चांगलेच झाले. पण जळाल्यावर जो पैसा तातडीने धावून येतो, तो गळत असताना का येत नाही, हा प्रश्न मनातून जात नाही. आगीचे भय आम्हा एमआयडीसीतल्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे आमच्याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचे प्राण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस वडील कामावर निघाले, की आई दारात उभी राहत असे. ओली वायर म्हणजे केवळ तालमीचा खोळंबा नव्हे, हे मी तेव्हापासून जाणते.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. आधी छप्पर, वीजजोडणी, बाहेर पडण्याचे दरवाजे, स्वच्छतागृहे. रंगरंगोटी आणि मऊ खुर्च्या मागाहून. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची बांधकाम तपासणी आणि दर जानेवारी व जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, या गोष्टी कायद्यातच आहेत. त्या झाल्या का, एवढे विचारायला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. आणि दुरुस्ती झाल्यावर भाड्यातील काही भाग वेगळा ठेवला नाही, तर वीस वर्षांनी आणखी कोणी मुलगी पत्र वाचता वाचता डावीकडे सरकेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे? कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड आपण ऐकून आहोत. घरोघर बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालली. आपली मूठ त्याहून लहान असेल. आम्ही चौघांनी एवढेच केले : लेखी अर्ज देऊन विचारले, की अंदाज किती, वरचे अनुदान किती, आपला हिस्सा किती आणि तो कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे. शिवाय एकांकिकेचा एक प्रयोग तिकीट लावून करायचा आणि ती रक्कम वर सांगितलेल्या अटीवर द्यायची, असे ठरवले आहे.

आमच्या शहराच्या नाट्यगृहाचे नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांच्या स्मृतीचे हे शहर. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, चौकात दख्खनी आणि रंगमंचावर मराठी. ही सगळी माणसे एका छपराखाली बसतात अशा जागा फार नाहीत.

तिकीट पंचवीस रुपये ठेवावे असे मी सुचवले. पहिले तिकीट वडिलांनी घेतले आणि विचारले, "आता याच्यावर पंचाहत्तर कोण घालणार?" वाचकहो, हाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते.