पाचशे ग्रॅमचा ट्रिगर, दोन लाखांचं पिस्तूल

ऑफिसच्या पेंटबॉलपासून सुरू झालेला शौक थेट इलेक्ट्रॉनिक एअर पिस्तुलापर्यंत पोचला. माढ्याच्या एका मुलीची पहिलीवहिली खरेदी, आणि खरेदीनंतरची खरी गोष्ट!

टीम आउटिंगला पेंटबॉल खेळलायत ना? सीन सगळीकडे सारखाच असतो. लोणावळ्याच्या आसपासचं रिसॉर्ट, अंगात घामट वासाचं जाड जॅकेट, तोंडावर मास्क, हातात भाड्याचा मार्कर आणि सगळ्यांचं टार्गेट एकच. बॉस! अप्रेझलचा सगळा हिशेब तिथे रंगात चुकता होतो. रविवारी दंडावरचे निळे-जांभळे डाग मिरवायचे आणि सोमवारी पुन्हा एक्सेल शीट.

माझी एक मैत्रीण मात्र सोमवारी एक्सेल शीटकडे परत आलीच नाही. म्हणजे शरीराने आली, डोकं मैदानातच राहिलं. मुलगी मूळची माढ्याची, सोलापूर जिल्ह्यातली. नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या चुका शोधून काढायचा पगार घेते. त्या दिवशी सगळे धडाधड गोळे उडवत असताना ही एका ड्रमच्या मागे बसून एकेक गोळा नेम धरून मारत होती. दहा गोळ्यांत सात माणसं बाद. परतीच्या बसमध्ये तिचा एकच प्रश्न, "असलं काहीतरी आपलं स्वतःचं घेता येतं का गं?"

रंगाचा गोळा ते शिशाचा छर्रा

आधी तिने पेंटबॉल मार्करचीच चौकशी केली. या खेळण्याला 'गन' न म्हणता 'मार्कर' म्हणतात, त्यामागे एक गंमत आहे. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी ते बनलं होतं. २७ जून १९८१ला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी ते एकमेकांवर रोखलं आणि नवा खेळ जन्माला आला. पुढे बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. ट्रिगरला नुसतं बोट लावलं की काम फत्ते, सेकंदाला दहाच्या आसपास गोळे!

पण मैत्रिणीच्या लक्षात आलं, की पेंटबॉलला दहा-बारा भिडू लागतात, मैदान लागतं आणि प्रत्येक गोळा एकदाच वापरता येतो. मार्कर घेऊन फ्लॅटच्या बाल्कनीत करणार काय? शिवाय तिला धडाधड उडवायचं नव्हतंच. तिला तो एक नेमका गोळा हवा होता.

तेवढ्यात कुणीतरी बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेलं. तिथे दहा मीटरवर एक कागद. कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एक हात खिशात, दुसऱ्या हातात क्लबचं पिस्तूल. पहिल्या दहा छर्ऱ्यांत तीन कागदाबाहेर! बाईसाहेब फिदा. वर्षभर दर शनिवार-रविवार रेंज आणि मग तो निर्णय. स्वतःचं पिस्तूल, तेही इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे नेमकं काय?

फंडा सोपा आहे. छर्रा बाहेर ढकलते ती दाबलेली हवा. पिस्तुलाच्या नळीखाली एक छोटं सिलिंडर असतं, त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात. मेकॅनिकल पिस्तुलात ट्रिगर ओढला की लोखंडाचा एक खाचा दुसऱ्यावरून सुटतो, हातोडी व्हॉल्व्हवर आदळते आणि हवा सुटते. इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर म्हणजे निव्वळ स्विच. सर्किट पूर्ण झालं की विद्युतचुंबक पुढचं काम करतो. धातूवर धातू घासत नाही, त्यामुळे ट्रिगरची झीज कमी आणि पहिल्या शॉटला जो फील तोच हजाराव्याला.

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. स्पर्धेआधी तो तपासताना पिस्तूल उभं धरून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन लटकवतात. ते उचललं गेलं तर पास, मधेच ट्रिगर सुटला तर नापास. पूर्ण पिस्तूल दीड किलोच्या आत हवं. मॅच साठ शॉट्सची, वेळ ७५ मिनिटं. पूर्वी महिलांना चाळीसच शॉट्स असत, २०१८पासून त्यांनाही साठ.

आणि कायदा? आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या, ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. स्पर्धेतल्या पिस्तुलाची ताकद पाच-सहा ज्यूलच्या घरात असते. पण लायसन्स नाही म्हणजे खेळणं आहे असं मुळीच नाही. हा छर्रा डोळा घालवू शकतो. डीलर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा घेतो आणि बिल देतो. ते बिल पिस्तुलाच्या पेटीतच ठेवायचं. हायवेवर कुणी पेटी उघडायला लावली तर भाषण देण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

'एवढ्यात तुझ्या गळ्यातलं झालं असतं!'

स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीची वॉल्थर. नावं ऐकायला जितकी भारी, किमती तितक्याच. ड्यूटी, डीलर सगळं धरून दोन लाखांच्या आत-बाहेर. दोन वर्षांचा बोनस, मोडलेली एक एफडी आणि वर थोडा ईएमआय. पैसे तिचेच होते. तरी माढ्याला सांगणं भाग होतं.

आईची पहिली प्रतिक्रिया, "अगं, एवढ्यात तुझ्या गळ्यातलं झालं असतं की!" वडिलांना ती आण्णा म्हणते. आण्णांचा हिशेब वेगळा, "दोन गाया आल्या असत्या दारात." तिसरी अडचण दोघांनीही बोलून दाखवली नाही, ती एका मावशीने फोन करून सांगितली. स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि पोरगी पिस्तूल घ्यायलीय. लोक काय म्हणतील?

मैत्रिणीने कोल्हापूरची उदाहरणं दिली. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये रायफलची जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातला, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४मध्ये पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू जाणार हायस का ऑलिंपिकला?"

"नाही आण्णा."

"मग?"

या 'मग'चं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पिस्तूल तरी तिने बुक केलं.

स्कोअर वाढला? छे, घसरला!

चार महिन्यांच्या वेटिंगनंतर पेटी आली. फोमच्या खाचांत बसवलेलं पिस्तूल, दोन सिलिंडर, ॲलन कीजचा संच. उघडताना हात थरथरत होते म्हणे. पहिल्या रविवारी रेंजवर ऑफिसातले चार जण खास बघायला गेले. क्लबच्या जुन्या मेकॅनिकल पिस्तुलाने तिचे सहाशेपैकी ५२०च्या आसपास यायचे. नव्या कोऱ्या, दोन लाखांच्या इलेक्ट्रॉनिक पिस्तुलाने किती आले असतील? ४९८!

कारण ग्रिप. लाकडाची मूठ तिच्या हाताला मोठी होती, प्रत्येक वेळी तळवा वेगळ्या जागी बसायचा. ऑर्डर देताना सगळं लक्ष ट्रिगरवर आणि साइज लिहिली अंदाजे. मग महिनाभर कानस आणि वुड पुट्टी घेऊन मुठीला आकार देण्याचं काम. एवढी महाग वस्तू कानशीने घासताना काय वाटतं, ते विचारू नका.

दुसरा धक्का एका छोट्या स्पर्धेत. अठराव्या शॉटला ट्रिगर ओढला आणि काहीच नाही. सगळं मुकं. बॅटरी संपली होती आणि जादा बॅटरी राहिली होती फ्लॅटवर, टीव्हीच्या रिमोटशेजारी. उसनी बॅटरी मिळेपर्यंत नऊ मिनिटं गेली आणि मन गेलं ते गेलंच. "दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधले बग काढते आणि स्वतःच्या पेटीत बॅटरी नाही," ती अजून स्वतःवर वैतागते.

तिच्या कोचने तिला मनू भाकरची आठवण करून दिली. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. मॅच चालू असताना मनूच्या पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि फायनल हुकली. त्याच मनूने २०२४ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ जिंकली. यंत्र घेतलं की ते बंद पडायची तयारीही सोबत घ्यावी लागते, हा धडा पेटीतल्या मॅन्युअलमध्ये नसतो.

भिंत माढ्याची

पुण्यात तिच्या वन बीएचकेमध्ये दहा मीटर सरळ अंतर कुठून आणणार? तिथे ती रोज रात्री कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करते, म्हणजे छर्रा नाही, हवा नाही, नुसता ट्रिगर. इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा इथे आहे. ट्रिगर तसाच्या तसा वाजतो आणि हवेचा कणही खर्च होत नाही. पण खरी रेंज मिळाली ती माढ्यातच.

मागच्या दिवाळीत आम्ही तिघी तिच्या गाडीने गेलो. भिगवणनंतर उजनीचं पाणी, टेंभुर्णीला हायवे सोडला की ऊस आणि मग माढा. घर जुनं, गोठ्याच्या मागे लांब बोळ. दोन्ही बाजूंनी बंद, टोकाला दगडी भिंत. टेपने मोजलं तर अकरा मीटर. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने छर्रे अडवायला लोखंडी पेटी करून दिलेली, मध्यभाग जमिनीपासून १.४० मीटरवर, अगदी नियमात. बोळाच्या दाराला आतून कडी. कडी लागल्याशिवाय छर्ऱ्यांचा डबा उघडायचा नाही, हा आण्णांचा नियम.

हवेचा प्रश्न होताच. आण्णा म्हणालेले, "स्टँडावर पंक्चरवाला हाय, भरून घे." त्याच्या कॉम्प्रेसरवर होतात जेमतेम आठ-दहा बार आणि हिला हवेत दोनशे! म्हणून सिलिंडर रिकामा आणायचा आणि इथे हातपंपाने भरायचा. तो पंप मारताना पुण्याच्या आम्हा तिघींची वाट लागली. आण्णांनी धोतराचा सोगा खोचला, "हापश्यावानीच हाय की," म्हणाले आणि काटा चढवून दिला.

मग ते खुर्ची टाकून बघत बसले. मैत्रिणीचे शॉट्स आठ, नऊ, सात, आठ असे येत होते. बऱ्याच वेळाने आण्णा म्हणाले, "गोळी सुटली की लगेच हात खाली घेतीस तू. गोफण मारताना आम्ही असं केलं असतं तर समदी ज्वारी पाखरांनी खाल्ली असती." लहानपणी माळ्यावर उभं राहून त्यांनी ज्वारी राखलीय. "दगड सुटला तरी हात थांबवायचा न्हाई. आन् आता सोडतो म्हणून सोडलं की चुकतंय. सुटू द्यायचं."

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. कोच वर्षभर 'फॉलो-थ्रू, फॉलो-थ्रू' म्हणून ओरडतोय, तेच! पुढच्या दहा शॉट्समध्ये चार दहा आले. नंतर आण्णांच्या हातात पिस्तूल दिलं. दीड किलोच्या आतलं ते यंत्र त्यांच्या हातात हललंसुद्धा नाही. त्यांचा पहिला शॉट नऊ. गोठ्याच्या दारातून आई म्हणाली, "आता ह्यांनाबी एक घेऊन दे!"

सध्या तिचा स्कोअर ५४०च्या पुढेमागे आहे. ऑलिंपिक नाही, मेडल नाही. ईएमआय अजून सात महिने चालू. मध्ये एक स्थळ आलं होतं. मुलाने विचारलं, "पिस्तूल चालवता म्हणे?" ती म्हणाली, "हो, शनिवार-रविवार सकाळी मी रेंजवर असते." त्यांचा निरोप अजून आलेला नाही आणि ती वाटही बघत नाहीये. आण्णांच्या 'मग?'चं उत्तर काय, असं मी तिला परतीच्या वाटेवर विचारलं. ती म्हणाली, "आठवडाभर दिवसाला दोनशे मेल येतात. त्या पाऊण-एक तासात फक्त एक बटण एवढंच दिसतं."

आण्णांनी आता विचारणं सोडलंय. फोन आला की पहिला प्रश्न असतो, "किती दहा आले?"

घ्यायचंय? मग हे वाचा

• आधी किमान सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर शिका. शौक टिकतो की नाही ते तिथेच कळतं.

• ट्रिगरआधी ग्रिप. हाताची साइज मोजून घ्या, डावखुरे असाल तर आवर्जून सांगा.

• सेकंडहँड घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख बघा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरी वापरणंही धोक्याचं.

• जादा बॅटरी पेटीत. रिमोटशेजारी नाही!

• बजेट करताना छर्रे, रेंजची फी, हवा भरण्याचा खर्च आणि सर्व्हिसिंग धरा. पिस्तूल एकदाच घ्यायचं, बाकीचं दर महिन्याला.

• पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. ड्राय फायरआधी नळी रिकामी आहे ना, हे दोनदा बघा. आणि रिकामं असलं तरी माणसाकडे कधीही रोखायचं नाही. बॉसकडेसुद्धा!