हाताला लागलेलं इपॉक्सी आणि थिनरची बाटली

प्रोजेक्टच्या सीझनमध्ये होस्टेलच्या बेसिनपाशी एक दृश्य हमखास दिसतं. रात्री दोन वाजता कोणीतरी चिकट हात घेऊन उभा आणि शेजारी थिनरची बाटली. मागच्या वर्षी तो मीच होतो. फायबरग्लासची बॉडी करताना ग्लोव्हज फाटले, मनगटापर्यंत रेझिन लागलं, थिनरने चोळून धुतलं. हात एकदम चकाचक! आठवडाभर हेच चाललं. मग बोटांच्या बेचक्यात पुरळ उठलं आणि खाज अशी की झोप नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थिनर किंवा अॅसिटोन रेझिन नाहीसं करत नाही, पातळ करून पसरवतं. वर कातडीवरचं नैसर्गिक तेलही धुऊन नेतं. मग रेझिन आणि हार्डनर दोन्ही आत शिरायला मोकळे. शरीराने एकदा यांची अॅलर्जी धरली की ती सहसा जन्मभर राहते. पुढे नखाएवढं रेझिनही पुरतं.

म्हणून हातासाठी आधी कोरडा कागद किंवा चिंधी. पुसून जेवढं निघेल तेवढं काढा, मग साबण आणि कोमट पाणी. तरी चिकट राहिलंच तर खोबरेल तेल चोळून पुसा, पुन्हा साबण. कातडीवर सुकून कडक झालं असेल तर ब्लेडने खरवडू नका. दोन-चार दिवसांत आपोआप सुटतं. ग्लोव्हज नायट्राइलचेच घ्या आणि फाटले की लगेच बदला (इथे कंजूषी करून मी काय कमावलं ते वर आलंच आहे).

टेबलाची गोष्ट वेगळी, त्याला कातडी नाही! ओलं असेपर्यंत जुन्या पट्टीने खरवडा आणि अॅसिटोनच्या फडक्याने पुसा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास सोल्डरिंग गन, हीटर काही नको. मात्र एकदा सेट झालं की रेणूंचं जाळं एकमेकांत पक्कं गुंफलेलं असतं. मग अॅसिटोन ओतत बसण्यात अर्थ नाही. ते मेणासारखं वितळतही नाही, पण गरम केल्यावर मऊ पडतं. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं बहुतेक इपॉक्सी १०० अंशांच्या आतच नरमतं. हीट गन लांबून फिरवा, पुट्टीच्या पात्याने उचला. धूर दिसला तर जास्त तापवलंय, थांबा. अर्धवट सुकलेलं पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळही अंगावर उठते.

खरं तर आधीच टेबलावर पॉलिथिनचा कागद अंथरला तर यातलं काहीच करावं लागत नाही. इपॉक्सी पॉलिथिनला धरत नाही, सुकलं की पापुद्र्यासारखं निघतं. आणि उरलेला मिक्सचा कप लगेच कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. साचलेलं मिश्रण स्वतःच तापतं, कधी धूरही येतो. तो मोकळ्या जागी फरशीवर ठेवा, पूर्ण गार आणि कडक झाल्यावरच टाका.