आजोबांचा वस्तरा

बाबा मेलबर्नला राहायला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून धोतरात गुंडाळलेला आजोबांचा वस्तरा निघाला. मूठ सेल्युलॉइडची, हातात घेताच तिचे तुकडे पडले. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, आणि मिटलेलं पातं नेमकं त्याच मुठीत असतं. त्यामुळे पात्यालाही गंजाचे खड्डे पडले होते.

पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ अशी रोमन अक्षरं. पात्यांसाठी नावाजलेलं हे जर्मन गाव. त्याच्या नावाला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. आणि मी? पॉलिश पेपरने घासताना चकाकी पाहून हुरळले, शेवटची तीन अक्षरं पार पुसली. वर्गात मुलांना ‘खाडाखोड करू नका’ म्हणणारी मीच! बाबांनी पेपर काढून घेतला. “खड्डे राहू दे. धारेपर्यंत नाहीत ना?” एवढंच म्हणाले. दोन दिवस मात्र वस्तऱ्याचा विषय निघाला नाही.

मुठीसाठी गिजीचं लाकूड मिळालं. इथल्या कोरड्या मुलखातलं झाड, पाण्यात बुडेल इतकं जड, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. दोघींचं शास्त्रीय नाव पूर्वी ‘अकेशिया’च होतं. 2005 साली व्हिएन्नाच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियन झाडांना मिळालं, 2011 मध्ये इथे मेलबर्नलाच त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि बाभूळ झाली ‘वाचेलिया’. बाबा म्हणाले, “म्हणजे नाव इकडे, काटे आपल्याकडे!” दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले.

जवळच्या मेन्स शेडमध्ये (हो, बायकांनाही येऊ देतात) तीन-तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या. शेपटाकडे दोन्हींच्या मध्ये छोटी पाचर हवी, नाहीतर मिटताना धार लाकडाला लागते. पितळी खिळ्याचं डोकं हलक्या हातोडीने ठोकून पसरवायचं. जोर जास्त झाला की लाकूड चिरतं. पहिली जोडी तशीच गेली. दुसरीला बाबांनी खिळे ठोकले, मी नुसतं धरलं. वर जवसाचं तेल.

धार मात्र माझ्याकडे. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. आधी हजाराचा दगड, शेवटी आठ हजाराचा, मग चामड्याचा पट्टा; त्यावर पाठ पुढे, धार मागे.

रविवारी बाबांनी गालाला साबण लावला, वस्तरा एकदाच फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

“ओढतोय अजून. आण तो पट्टा.”