मॅरेथॉन आणि प्रपंच

सुशिक्षित, पोक्त वयाचा गृहस्थ भल्या पहाटे रस्त्यानें धांवत चाललेला दिसला, तर त्याची गाडी चुकत असावी किंवा घरीं कोणी आजारी असावें, असा तर्क पूर्वीं लोक करीत. आतां तसें राहिलें नाहीं. पुण्यास १९८३ पासून व मुंबईस २००४ पासून मॅरेथॉनच्या शर्यती भरूं लागल्या. साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटांतील अर्ध-मॅरेथॉन सुरू झाली. आणि आज बँकेंतील कारकून, शाळेंतील शिक्षिका, डॉक्टर, वकील, फार काय साठी ओलांडलेले पेन्शनरसुद्धां ह्या शर्यतींसाठीं महिनोन्‌महिने सराव करतांना दिसतात. व्यायामाची आवड समाजांत वाढावी ह्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें कोणी एकानें ‘मी यंदा मॅरेथॉन धांवणार’ असें जाहीर केलें म्हणजे एक प्रश्न उभा राहतो, व तो बहुधा कोणी उघडपणें बोलून दाखवीत नाहीं. हा सगळा वेळ येणार कोठून?

‘मनांत आणलें म्हणजे वेळ सांपडतोच’ असें उत्तर उत्साही तरुण मंडळी देतात. आम्हांस तें अपुरें वाटतें. वेळ हा वाटेवर पडलेला सांपडत नसतो. तो कोणाच्या तरी वांट्यांतून काढावा लागतो. कधीं तो स्वतःच्या झोंपेंतून निघतो, कधीं मुलांच्या अभ्यासांतून, कधीं पत्नीच्या विश्रांतींतून, तर कधीं वृद्ध आईबापांशीं घटकाभर बोलत बसण्यांतून. म्हणून मॅरेथॉनच्या सरावाचा जमाखर्च शर्यतीपूर्वींच, आणि सर्व घराच्या संमतीनें, मांडला जावा, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हें अंतर १९०८ सालच्या लंडन येथील ऑलिंपिकपासून आलेलें असून १९२१ सालीं तें कायमचें ठरविण्यांत आलें. जो मनुष्य वर्षभर नियमानें थोडेंबहुत धांवत आला आहे, त्यास ह्या शर्यतीच्या खास तयारीस सोळा ते वीस आठवडे लागतात. आठवड्यांतून चार दिवस धांवणें पुरेसें असतें. त्यांपैकीं दोन दिवस पाऊण-पाऊण तास, एक दिवस सव्वा ते दीड तास, आणि सुटीच्या दिवशीं एक लांब धांव. ही लांब धांव बारा-चौदा किलोमीटरांपासून वाढवीत नेऊन अखेर अठ्ठावीस ते बत्तीस किलोमीटरांपर्यंत आणावयाची व शर्यतीपूर्वींचे दोनतीन आठवडे पुन्हां उतरवीत आणावयाची. दर किलोमीटरास साडेसात मिनिटें धरलीं, तर तीस किलोमीटरांस पावणेचार तास लागतात. म्हणजे आठवड्यास पांच ते सात तास नुसत्या धांवण्याचे झाले. त्यांत जाणेंयेणें, स्नान, आणि लांब धांवेनंतर दुपारीं येणारी ग्लानि हीं मिळविलीं म्हणजे खरा आंकडा निघतो. रविवारीं पहाटे चारला निघून नऊला परतलेला आणि जेवून तीन वाजेपर्यंत झोंपलेला गृहस्थ धांवला चारच तास; पण घराच्या हिशेबीं त्याचा सगळा रविवार खर्चीं पडला.

एवढा खर्च प्रापंचिकास झेंपत नाहीं, असें म्हणणारांस इतिहासाची साक्ष अनुकूल नाहीं. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा मारूसी गांवचा पाणी वाहून नेणारा सामान्य मनुष्य होता. आपल्याकडे १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, व त्यांतूनच हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना पुढें आली. १९२० सालीं ॲन्टवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले. त्या वर्षीं शर्यतीचें अंतर नेहमींपेक्षां कांहींसें अधिक, ४२ किलोमीटर ७५० मीटर, होतें. चौगुल्यांनीं तें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत कापून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

ह्या गोष्टी जुन्या झाल्या असें कोणी म्हणेल. तर अलीकडचें उदाहरण जपानच्या युकी कावाउची ह्यांचें घ्यावें. हे सैतामा प्रांताच्या सरकारी नोकरींत, एका माध्यमिक शाळेच्या कचेरींत काम करीत. नोकरी दुपारीं सुरू होऊन रात्रीं संपणारी. जपानांतील नामांकित धावपटू मोठमोठ्या कंपन्यांच्या पदरीं राहून दिवसांतून दोनदां सराव करतात. कावाउचींस सकाळची एकच वेळ मोकळी असे. त्यांनीं त्या एका वेळेचाच पुरता उपयोग केला, आणि ज्या रविवारीं इतर लोक एकट्यानें लांब सराव करीत, त्या रविवारीं ते कोठल्या तरी शर्यतींत धांवून तोच आपला सराव समजत. २०१८ सालच्या एप्रिलांत बोस्टन येथें कडाक्याची थंडी, समोरून वारा आणि धो धो पाऊस असतां त्यांनीं २ तास १५ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला क्रमांक पटकावला. पुढल्या वर्षीं त्यांनीं नोकरी सोडून धांवण्यासच वाहून घेतलें, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांची देहशक्ति असामान्य आहे. ती कोणी उसनी घेऊं म्हणेल तर मिळावयाची नाहीं. पण ‘मला दुसरी वेळ नाहीं’ ही तक्रार करीत न बसतां आहे त्या वेळेची नीट आंखणी करणें ही गोष्ट कोणासही साधण्यासारखी आहे.

आंखणीचा पहिला नियम असा कीं, झोंपेची चोरी करूं नये. पहाटे साडेचारला उठावयाचें तर रात्रीं साडेनऊला अंथरुणावर पडलें पाहिजे, आणि त्यासाठीं घरांतील रात्रीचें जेवण आठापूर्वीं आटोपलें पाहिजे. आपल्या घरांत तें दहाला होत असेल, तर प्रथम जेवणाची वेळ बदलावी व मग बूट विकत आणावे. अपुऱ्या झोंपेवर केलेला सराव अंगीं लागत नाहीं; उलट पाय दुखावतात आणि मनुष्य चिडखोर होतो. त्या चिडखोरपणाचा प्रसाद मुलांस मिळतो.

दुसरा नियम वेगाचा. नवशिक्या धांवणारांची सार्वत्रिक खोड म्हणजे रोजची धांव शर्यतीसारखी धांवणें. आधुनिक शिक्षक सांगतात कीं, बहुतेक सराव शेजारच्याशीं सहज बोलतां येईल इतक्या मंद वेगानें करावा. आपल्या आयुर्वेदानें हीच गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. सुश्रुत व वाग्भट ह्या दोघांनींही व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे. आणि व्यायाम करतां करतां श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे अर्धी शक्ति खर्च झाली असें समजावें, अशी खूणही सुश्रुतानें दिली आहे. वाग्भटाचा कटाक्ष असा कीं, बलवान्‌ व स्निग्ध भोजन करणाऱ्या मनुष्यानें हिवाळ्यांत व वसंतांत हा अर्धशक्तीचा व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. त्या आचार्यांपुढें मॅरेथॉन नव्हती हें उघड आहे. परंतु गृहस्थाश्रमी मनुष्याचें शरीर त्यांच्या पुढें होतें. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळीं संसार ज्यास करावयाचा आहे, त्यानें सकाळीं सर्व शक्ति उधळून कसें चालेल?

तिसरा नियम पंचांगाचा. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं, म्हणजे संक्रांतीनंतर आठवड्याच्या आंत येते. तेथून अठरा आठवडे मागें मोजलें म्हणजे आपण सप्टेंबरांत, बहुधा भाद्रपदांत येतों. गणपति, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, हीं सर्व सरावाच्या ऐन काळांत पडतात. पाश्चात्यांच्या पुस्तकांतील कोष्टक भिंतीवर जसेंच्या तसें डकवलें, तर तें पहिल्याच महिन्यांत मोडावयाचें. म्हणून कोष्टकाशेजारीं पंचांग ठेवावें. दर तीन आठवडे चढता सराव केल्यावर चौथा आठवडा हलका ठेवणें शरीरास इष्टच असतें. तो हलका आठवडा दिवाळींत येईल अशी योजना करावी. श्राद्धाच्या दिवशीं, घरीं पाहुणे असतां किंवा मुलीच्या बारशाच्या सकाळीं लांब धांव काढूं नये. जे नवरात्राचे उपवास करतात त्यांनीं त्या दिवसांत सरावास बहुतांशीं विश्रांति द्यावी. आणि ज्यांचा शनिवार उपासाचा आहे त्यांनीं रविवारची लांब धांव दुसऱ्या वारावर न्यावी. शरीरांतील पिष्टमय पदार्थांचा सांठा तीस किलोमीटरांच्या आसपास संपूं लागतो व पाय शिशाचे होतात. आदल्या दिवशींचा भात, पोळी, केळें, गूळ हींच त्या वेळीं उपयोगी पडतात.

आतां मुख्य मुद्यावर येऊं. एकत्र कुटुंबांत मुलगा पहाटे धांवावयास गेला, तर त्याच्यामागें दूध घेणें, मुलांस उठविणें, डबे भरणें, आजोबांचें औषध हीं कामें थांबत नाहींत. तीं कोणी तरी करतें. मुलगा परत येतो तेव्हां त्याच्या पुढें चहा येतो, त्याचे घामट कपडे धुतले जातात, आणि शर्यतीचें पदक मिळालें म्हणजे फोटो त्याच एकट्याचा निघतो. त्याच घरांतील सुनेनें ‘मलाही धांवावयाचें आहे’ असें म्हटलें तर? मग अंधार, कुत्रीं, लोक काय म्हणतील, मुलांचें कसें, असे दहा प्रश्न निघतात. मुलाच्या वेळीं ह्यांपैकीं एकही निघालेला नसतो.

स्त्रियांस हें अंतर झेंपणार नाहीं, अशी समजूत पाश्चात्य देशांतही होती. बोस्टनच्या शर्यतींत १९६६ सालीं बॉबी गिब ही तरुणी बिनक्रमांकाची धांवून गेली. स्त्रियांस तेथें अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ सालीं, आणि ऑलिंपिकांत स्त्रियांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ सालीं. वर सांगितलेल्या २०१८ च्या त्याच पावसांतल्या शर्यतींत स्त्रियांत दुसरी आली ती सेरा सेलर्स नांवाची, रुग्णालयांत भूल देण्याचें काम करणारी परिचारिका. ती पूर्ण वेळ नोकरी करून, कामाच्या आधीं किंवा नंतर सराव करीत असे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलगा बँकेंत व सून शिक्षिका. दोघांसही मॅरेथॉन धांवण्याची इच्छा झाली. सासऱ्यांनीं दोघांस बसवून घेऊन सांगितलें, “एका घरास एका वर्षीं एकच पूर्ण मॅरेथॉन परवडेल. यंदा कोणाची, तें ठरवा.” बरीच चर्चा होऊन यंदाची सुनेची ठरली व मुलानें अर्ध-मॅरेथॉनवर समाधान मानलें. मंगळवार-गुरुवार त्याचे, बुधवार-शुक्रवार तिचे, आणि रविवारची सकाळ तिची. तिच्या दिवशीं चहा व दूध सासऱ्यांकडे, मुलांची तयारी मुलाकडे. सासूबाईंची अट एकच होती: परतल्यावर न्याहारी केल्याखेरीज तिनें कोणत्याही कामास हात लावूं नये. त्या हिवाळ्यांत सुनेनें सव्वापांच तासांत शर्यत पुरी केली. वेळ म्हणून त्यांत कोणासही नवल वाटणार नाहीं. पण त्या घरांतील नातवंडांनीं आजोबांस रोज चहा करतांना पाहिलें, ही आमच्या मतें पदकाहून मोठी कमाई आहे.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. चाळिशी ओलांडलेल्यांनीं, तसेंच मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यांत हृद्रोग असणारांनीं डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावांचून सरावास लागूं नये. छातींत दडपल्यासारखें वाटलें, भोंवळ आली किंवा नेहमींपेक्षां अधिक धाप लागली, तर तेथेंच थांबावें. अंगांत ताप असतां धांवणें धोक्याचें आहे. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. भीतीनें प्रमाणाबाहेर पाणी पीत राहिल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून प्राणावरही बेततें. आणि एखाद्या वर्षीं घरांत आजारपण निघालें, कचेरींत बदली झाली, किंवा मुलीची दहावीची परीक्षा आली, तर शर्यत पुढल्या वर्षावर टाकण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. शर्यत दरवर्षीं भरते.

आमच्या वयाच्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. घरांतील कोणी धांवूं म्हणत असेल, तर त्याला किंवा तिला ‘हीं कसलीं खुळें’ म्हणून हिणवूं नये. आणि नुसती शाबासकी देऊनही थांबूं नये. त्या पहाटेचें एक काम आपल्याकडे मागून घ्यावें. धांवणारानेंही घराचें एक काम कायमचें आपल्या अंगावर घ्यावें, निदान आपले कपडे आपण धुवावे, आणि रविवारची दुपार मुलांस द्यावी. अशा रीतीनें वांटणी झाली म्हणजे मॅरेथॉन प्रपंचास बाधक होणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.